समुद्रातला मासा, डोंगरावरची अळिंबी



ढिंगरी अळिंबीच्या लागवडीविषयी या सदरात मागे लिहिले होते. पेंढा कसा भिजवावा, बियाणे किती घालावे, पिशव्या कोठे टांगाव्यात, असा तो नेहमीचा कामाचा मजकूर होता. त्यावर आलेल्या पत्रांत एका वाचकाने निराळाच प्रश्न विचारला आहे. ते लिहितात, "अळिंबी आता घरात पिकते, मासे शेततळ्यात वाढतात. मग रानातली अळिंबी आणि समुद्रातला मासा उद्या नाहीसा झाला, तर शेतकऱ्याचे काय बिघडणार आहे?"

प्रश्न रोखठोक आहे आणि बराच विचार करायला लावणारा आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा दोन उदाहरणांनी दिलेले बरे. एक उदाहरण मेक्सिको देशाच्या समुद्रातल्या माशाचे आहे आणि दुसरे इटलीच्या सिसिली बेटावरील अळिंबीचे. दोन्ही ठिकाणे आपल्यापासून फार दूर. तरी हीच दोन निवडण्याचे कारण असे की, दोन्ही जिनसा बाजारभावापायी संपत आल्या आणि दोन्हींची आता शेती करता येते. म्हणजे आमच्या वाचकाने जे विचारले आहे, त्याचा अनुभव तेथे आलेला आहे.

तोतोआबा मासा

मेक्सिकोच्या पश्चिमेला कॅलिफोर्नियाचे आखात म्हणून समुद्राची एक लांब, चिंचोळी पट्टी जमिनीत शिरली आहे. तोतोआबा नावाचा मासा जगात फक्त याच आखातात सापडतो. तो पूर्ण वाढला म्हणजे माणसापेक्षा लांब, सुमारे दोन मीटरचा होतो आणि त्याचे वजन शंभर किलोंच्या वर जाते. आपल्या पालघर-डहाणूकडे मिळणारा घोळ मासा त्याच्याच कुळातला आहे.

या माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. पाण्यात वरखाली होताना तोल सांभाळायला ती त्याला उपयोगी पडते. ही पिशवी वाळवून तिचे सूप करण्याची चाल चीनमध्ये जुनी आहे. ती औषधी मानतात, लग्नकार्यात भेट देतात, घरात सोन्यासारखी जपूनही ठेवतात. चीनच्या किनाऱ्यावर बहाबा नावाचा याच कुळातला मोठा मासा होता. पिशवीसाठी तो इतका मारला गेला की मिळेनासा झाला. मग व्यापाऱ्यांची नजर मेक्सिकोच्या तोतोआबाकडे वळली.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही मासेमारी वाढली, तेव्हा पिशवी काढून घेत आणि मांस किनाऱ्यावर टाकून देत. पुढे मांसालाही अमेरिकेत गिऱ्हाईक मिळाले. १९४२ साली सुमारे २,२६१ टन तोतोआबा पकडला गेला. तो कळस ठरला. १९७५ साली ही पकड ५८ टनांवर आली आणि त्याच वर्षी मेक्सिको सरकारने या माशाच्या मासेमारीवर बंदी घातली.

एवढी घसरण होण्याचे कारण माशाच्या स्वभावातच आहे. तोतोआबा सहा-सात वर्षांचा झाल्याशिवाय अंडी घालीत नाही. हिवाळा सरता सरता मोठे मासे थव्याने आखाताच्या उत्तर टोकाला, कोलोराडो नदीच्या मुखाजवळ येतात आणि तेथे अंडी घालतात. मच्छीमारांना ती जागाही ठाऊक आणि तो हंगामही ठाऊक. जाळी तेथेच लागत. म्हणजे पोटात गाभोळी असलेली मादीच नेमकी जाळ्यात सापडे. दुसरीकडे अमेरिकेने कोलोराडो नदीवर मोठमोठी धरणे बांधली. हूवर धरण १९३६ साली पुरे झाले. पुढे आणखी धरणे आली, कालवे निघाले आणि नदीचे पाणी समुद्रापर्यंत पोहोचेनासे झाले. गोडे व खारे पाणी मिसळून होणारी मचूळ पाण्याची जागा, जेथे या माशाची पिले वाढत, ती आक्रसली.

सिसिलीची अळिंबी

आता डोंगराकडे वळू. सिसिली बेटाच्या उत्तरेला मादोनिए नावाची डोंगररांग आहे. तेथे चुनखडीच्या माळावर, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरांच्या वर, एक पांढरीशुभ्र, मांसल अळिंबी उगवते. शास्त्रात तिला प्लुरोटस नेब्रोडेन्सिस म्हणतात. प्लुरोटस हे नाव अळिंबी पिकवणाऱ्या आमच्या वाचकांच्या ओळखीचे असेल. ढिंगरी ती हीच जात. म्हणजे ही सिसिलीची अळिंबी आपल्या ढिंगरीची सख्खी बहीणच म्हणा ना!

फरक एवढाच की ढिंगरी पेंढ्यावर, भुश्श्यावर, वाळल्या लाकडावर कोठेही येते. ही बहीण मात्र हट्टी आहे. कोथिंबीर, ओवा, हिंग यांच्या कुळातली एक रानटी वनस्पती त्या माळावर असते. तिच्या मुळांपाशीच ही उगवते, तीही एप्रिल ते जून या वसंताच्या दिवसांत. १८६३ साली जुझेप्पे इंझेंगा या इटालियन शास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हाच तिच्या चवीचीही वाखाणणी केली. चवीची कीर्ती पसरली आणि भाव किलोला ५० ते ७० युरोंवर गेला. आपल्या पैशात ते काही हजार रुपये होतात.

भाव चढला तसे शोधणारे वाढले. डोंगर तेवढाच, अळिंबी तेवढीच आणि टोपल्या घेऊन फिरणारी माणसे दुप्पट-चौपट. मग जो तो विचार करू लागला, की मी उद्यापर्यंत थांबलो, तर दुसरा आजच घेऊन जाईल. त्यामुळे छत्री उमलायच्या आतच कळी उपटली जाऊ लागली. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ साली तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून केली. दर वर्षी २५० पेक्षाही कमी अळिंब्या पूर्ण वाढीला पोहोचतात, असे त्या नोंदीत म्हटले आहे. साऱ्या डोंगररांगेत २५० सुद्धा नाहीत! ढिंगरीच्या एका बऱ्यापैकी शेडमध्ये याहून अधिक छत्र्या एका दिवशी तोडल्या जातात.

पळसाला पाने तीन

मासा खाऱ्या पाण्यातला, अळिंबी उघड्या माळावरची. एक प्राणी, तर दुसरी बुरशी. तरी दोघांची कथा ऐकली म्हणजे पळसाला पाने तीनच, हे पटते.

पहिली गोष्ट, दोघांनाही निसर्गाने बी उदंड दिले आहे. तोतोआबाची एक मोठी मादी लाखो अंडी घालते. अळिंबीच्या एका उमललेल्या छत्रीतून कोट्यवधी बीजाणू उडतात. डोळ्यांना ते पिठासारखे दिसतात. एवढे बी असल्यावर ही जात संपेल कशी, असे कोणालाही वाटेल. पण लाखांतले एखादेच अंडे मोठा मासा होते आणि कोटींतला एखादाच बीजाणू योग्य मुळाशी पोहोचून रुजतो. निसर्गाने उधळपट्टी म्हणून ते दिलेले नाही. नुकसान धरूनच केलेली ती पेरणी आहे. ज्वारी पेरताना पाखरांचा, किड्यांचा वाटा धरून आपण चार दाणे जास्त टाकतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट, दोघांनाही बी टाकायच्या आधी, किंवा बी टाकताना, पकडले गेले. कोणत्याही शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन माणसे राहिली, पण कणगीतले बियाणे त्यांनी मोडले नाही. बियाणे खाल्ले म्हणजे एक दिवसाची भाकरी मिळते आणि पुढचे वर्ष जाते. येथे तेच झाले.

तिसरी गोष्ट, दोघांचाही कोणी धनी नव्हता. शेताला बांध असतो, सातबाऱ्यावर नाव असते. समुद्र आणि माळरान साऱ्यांचे आणि म्हणून कोणाचेच नाही. आपण राखले तर दुसरा नेईल, या धास्तीने शहाणा माणूसही घाई करतो. लोभ तर आहेच, पण नुसत्या लोभापेक्षा ही धास्ती अधिक नुकसान करते.

पण फरकही आहे

साम्य सांगितले, तसा फरकही सांगितला पाहिजे. कारण उपाय त्यावर ठरतो.

मासा पकडला म्हणजे तो जिवानिशी गेला. सहा-सात वर्षे वाढलेली मादी एका रात्रीत संपते आणि तिच्या जागी दुसरी यायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतात. अळिंबीचे तसे नाही. आपण जी छत्री तोडतो, ते तिचे फळ. तिचा खरा देह पांढऱ्या सुताच्या जाळ्यासारखा जमिनीत, मुळांत पसरलेला असतो. आंबा उतरवला म्हणून झाड मरत नाही. तसे छत्री अलगद काढली, म्हणून अळिंबी मरत नाही. पण वर्षानुवर्षे एकही फळ पिकू दिले नाही, तर जुने झाड वठल्यावर नवे येणार कोठून? त्यातून कोणी हत्याराने माती उकरली, मुळेच तोडली, तर मग झाडावरच कुऱ्हाड पडली म्हणायची.

दुसरा फरक मोजणीचा. माशाची पकड बंदरावर उतरते, वजनकाट्यावर चढते. २,२६१ वरून ५८ टन झाले, हे कागदावर दिसले. अळिंबी वर्षातून थोडेच दिवस दर्शन देते, ते झाले की जमिनीत गडप. कमी झाली की नुसती रुसली, हे कळायला मार्ग नसतो. म्हणूनच बुरशींच्या मोजणीकडे जगात फार उशिरा लक्ष गेले. त्या आंतरराष्ट्रीय यादीत तपासलेल्या बुरशींचा आकडा हजाराच्या वर गेला, तो २०२५ साली. त्यावेळी तपासलेल्या सुमारे १,३०० जातींपैकी ४११ जाती धोक्यात असल्याचे आढळले.

तिसरा फरक असा की, मासा एकटा मरत नाही. तोतोआबासाठी लावलेल्या उभ्या जाळ्यांत वाकिता नावाचा लहानसा सागरी सस्तन प्राणी अडकतो. हवा घ्यायला वर येता न आल्याने तो गुदमरून मरतो. हाही प्राणी फक्त त्याच आखातातला. १९९७ च्या मोजणीत तो ५६७ च्या आसपास होता. २०२३ च्या पाहणीत दहाच्या आसपासच उरलेला दिसला. त्याला मारायचे कोणाच्याही मनात नव्हते. त्याचे मांस नको होते, कातडे नको होते. दुसऱ्याच्या पिशवीपायी तो गेला.

शेती केली, मग काय झाले?

आता मूळ प्रश्न. तोतोआबाची पैदास मेक्सिकोत एन्सेनादा येथील विद्यापीठाने साधली. टाक्यांत अंडी उबवून पिले समुद्रात सोडण्यात आली. खाजगी मत्स्यशेतीही उभी राहिली आणि २०२२ साली अशा एका शेतीला माशाचे मांस परदेशी विकण्याची आंतरराष्ट्रीय परवानगी मिळाली. बंदीचाही काही गुण आला. २०२१ साली या माशाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' वरून दोन पायऱ्या खाली, 'असुरक्षित' या वर्गात आली. ही चांगलीच बातमी आहे. पण चोरटी मासेमारी थांबली नाही. कारण शेतीतला मासा लहानपणीच विकला जातो आणि मोठी, जाड पिशवी मिळते, ती समुद्रातल्या जुन्या माशाचीच. ज्याला ती हवी, तो शेतीतल्या माशावर समाधान मानत नाही.

सिसिलीतल्या अभ्यासकांनीही रानातल्या फळापासून बियाणे तयार करून नेब्रोडेन्सिसची लागवड जमवली. डोंगरावरचा ताण त्यामुळे हलका होईल, असा त्यांचा हेतू. मादोनिए उद्यानात तीन सेंटीमीटरपेक्षा लहान छत्री तोडण्यास मनाईही आहे. चीनमध्ये मात्र वेगळीच गंमत झाली. तेथे एका पांढऱ्या अळिंबीची फार मोठी लागवड होते आणि बरीच वर्षे तिला नेब्रोडेन्सिस हेच नाव होते. पुढे तपासणीत ती निराळीच जात निघाली. हापूस म्हणून भलताच आंबा गळ्यात पडावा, तसे. बाजारात त्या नावाची अळिंबी ढिगाने होती, म्हणून डोंगरावरची वाचली असे मुळीच झाले नाही.

म्हणजे आमच्या वाचकाला उत्तर असे की, शेती केल्याने रानावरचा भार हलका होऊ शकतो, पण आपोआप होत नाही. सोबत राखण लागते.

आणि शेतकऱ्याचे काय बिघडते, तेही सांगतो. घरात पिकणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे मूळ बियाणे रानातूनच आले आहे आणि अडचण आली की पुन्हा रानाकडेच जावे लागते. भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू रोग आशियात पसरला होता. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. त्या रोगाला दाद न देणारा गुण सापडला, तो ओरायझा निवारा या रानटी भातात, आणि तो नमुना आपल्या उत्तर प्रदेशातला होता. तो गुण घेतलेली आय. आर. ३६ ही जात १९७६ साली आली आणि लाखो हेक्टरांवर पेरली गेली. कोणाच्याही पोटाला न येणारे, गवतासारखे ते भात त्याआधी कोणी 'काय बिघडते' म्हणून नाहीसे केले असते, तर? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार!

आपल्या दारात

या दूरदेशच्या गोष्टी झाल्या. पण आपल्याकडेही हीच पाने आहेत. २०२१ साली पालघर जिल्ह्यातल्या एका मच्छीमाराला दीडशेच्या वर घोळ मासे एकाच वेळी मिळाले आणि त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये झाले, ही बातमी तुम्ही वाचली असेल. त्या बंधूच्या कष्टाचे चीज झाले, याचा आनंदच आहे. पण घोळ माशालाही हा भाव येतो तो पोटातल्या त्याच पिशवीमुळे, हे विसरू नये.

अळंबीचेही तसेच. मृगाच्या सरी बरसल्या की कोकणात, गोव्यात आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यात वारुळांवर पांढरी अळंबी उगवते. कोठे तिला अळंबी म्हणतात, कोठे सात्या. ही वाळवीच्या घरातली बुरशी आहे. वाळवी तिला जमिनीखाली पोसते आणि तिच्यावर जगते. म्हणून ढिंगरीसारखी ती पेंढ्यावर पिकवता येत नाही. बाजारात मिटलेल्या कळीला भाव जास्त, तेव्हा सिसिलीसारखीच येथेही कळी उपटण्याची घाई दिसते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. यांत पैसा खर्च होत नाही, थोडा धीर मात्र लागतो.

१. वारुळावरची सगळीच अळंबी काढू नका. काही छत्र्या पूर्ण उमलून वाळेपर्यंत तशाच राहू द्या. तेच पुढचे बी.

२. छत्री बुडाशी धरून हलकेच काढा. कुदळीने वारूळ उकरू नका. बांधावरचे, पडीक कोपऱ्यातले वारूळ पिकाला उपद्रव देत नसेल, तर सपाट करू नका.

३. ज्या अळंबीची खात्रीची ओळख नाही, ती खाऊ नका आणि मुलांना खाऊ देऊ नका. विषारी अळंबीने जीव जातो.

४. ढिंगरीची लागवड जरूर करा. पेंढा फुकट जाण्याऐवजी घरात चार पैसे येतात. बियाणे मात्र कृषी विद्यापीठ, पुण्याचे कृषी महाविद्यालय अशा खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

५. मासे विकत घेणाऱ्या भगिनींना विनंती. आपल्या राज्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारी बंद असते. ते दिवस माशांच्या विणीचे. त्या काळात चोरून आणलेला मासा घेऊ नका. २०२३ साली सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे. रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वापाच इंचांपेक्षा लहान पकडू नये, असा नियम आहे. टोपलीतले तळहाताएवढेही नसलेले पापलेट स्वस्त म्हणून घेतले, की आपणही कणगीत हात घातलाच. गिऱ्हाईक नसेल, तर जाळेही पडणार नाही.

यांतली कोणतीही गोष्ट नवी नाही. आजीने परसातला एक भोपळा, एक दोडका, भेंडीच्या चार शेंगा वेलावर-झाडावर मुद्दाम जून होऊ दिल्या, राखेत बी घोळवून मडक्यात ठेवले, तेव्हा तिला हे सारे ठाऊक होते. त्या एका भोपळ्याची भाजी झाली नाही, म्हणून घर उपाशी राहिले नाही. उलट पुढच्या पावसाळ्यात मांडव पुन्हा भरला. मेक्सिकोच्या मच्छीमाराला आणि सिसिलीच्या डोंगरवासीयाला तो एक भोपळा राखणे जमले नाही, कारण शेजारी राखील याचा भरवसा नव्हता. तो भरवसा गावाने गावातच निर्माण करायचा असतो. मृग बरसण्याआधी एखाद्या ग्रामसभेत, किंवा भजनाच्या रात्री चार माणसे जमली असता, 'यंदा अमुक टेकडीवरची अळंबी कोणी काढायची नाही' एवढे ठरवून पाहा. पुढे काय दिसले, ते या सदराला पत्राने अवश्य कळवा.